चरबीची गाठ, पण अवघड जागी

"डॉक्टर, जाता जाता ही गाठ बघा जरा. साधीच आहे ना?"

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न मला येतोच. बहुतेक वेळा पेशंट दुसऱ्याच कामासाठी आलेला असतो. बीपी तपासून होतं, गोळ्या लिहून होतात, आणि उठता उठता तो शर्टाची बाही वर करतो. मी दोन बोटांनी गाठ चाचपतो. मऊ, हलणारी, न दुखणारी. "चरबीची गाठ आहे. लायपोमा म्हणतात. काही करायची गरज नाही," असं म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. बरेच दिवस मनात ठेवलेली भीती असते ती.

पंचवीसेक वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. बहुतेक वेळा ते बरोबरच होतं. पण एकदा असं झालं की गाठ माझ्यासमोर होती, मी तो हात दर महिन्याला हातात घेत होतो, आणि तरीही मला ती सापडली नाही. त्या अनुभवानंतर चरबीच्या गाठीकडे बघण्याची माझी पद्धत बदलली. आजचा लेख त्याबद्दल आहे. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

लायपोमा म्हणजे काय?

आपल्या अंगात जी चरबी असते, तिच्याच पेशी एका ठिकाणी जास्त वाढतात आणि त्यांच्याभोवती एक पातळ आवरण तयार होतं. ही झाली चरबीची गाठ. मऊ ऊतींमध्ये होणाऱ्या साध्या गाठींमध्ये ही सगळ्यात जास्त आढळते. साधारण चाळीस ते साठ या वयात जास्त दिसते. पाठ, खांदा, मान, दंड, मांडी या तिच्या नेहमीच्या जागा. कातडीच्या खाली, स्नायूच्या वर ती असते. बोटाने कडेला दाबलं की सटकन निसटते. डॉक्टर गाठीच्या कडेवर बोट ठेवून दाबतात ते हीच खूण बघण्यासाठी.

काही गैरसमज आधीच दूर करतो. चरबीची गाठ कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे होत नाही. तूप सोडल्याने किंवा वजन कमी केल्याने ती विरघळत नाही. उलट माणूस बारीक झाला की ती जास्त उठून दिसते. तेल चोळून, लेप लावून, गरम शेक देऊन ती जात नाही. काही घरांत वडील, मुलगा, काका अशा अनेकांच्या अंगावर छोट्या छोट्या गाठी असतात. तो घराण्यातून आलेला प्रकार आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कातडीखालची साधी चरबीची गाठ पुढे कॅन्सरमध्ये बदलेल ही भीती बाळगण्याचं कारण नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण जागेत आहे.

परीक्षेत पाठ केलेली यादी

एमबीबीएसच्या सर्जरीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत शॉर्ट केस म्हणून लायपोमा मिळाला की आम्ही देवाचे आभार मानायचो. निदान सोपं, प्रश्न ठरलेले. "याला युनिव्हर्सल ट्यूमर का म्हणतात?" असं परीक्षकांनी विचारलं की आम्ही पोपटासारखे सांगायचो: कारण जिथे चरबी आहे तिथे तो कुठेही होऊ शकतो. मग जागांची यादी म्हणायची. कातडीखाली, स्नायूंच्या आवरणाखाली, दोन स्नायूंच्या मध्ये, स्नायूच्या आत, हाडाला चिकटून, सांध्यात, आतड्याच्या अस्तराखाली, मणक्याच्या पोकळीत, ग्रंथींमध्ये. मी सगळी यादी न अडखळता म्हणून दाखवली होती आणि परीक्षकांनी मान डोलावली होती.

पुढे एमडी मेडिसिनला गेलो. डायबेटिस, बीपी, ताप, दमा यांत गुंतलो. गाठी म्हणजे सर्जनचं काम, अशी मनाची वाटणी होऊन गेली. यादी पाठ होती, पण यादीतल्या त्या जागांवर गाठ आली तर पेशंट माझ्याकडे कोणती तक्रार घेऊन येईल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी करायला लावला.

मुंग्या येणारा हात

ताई पन्नाशीच्या. नऊवारीपासून ब्लाउज-ड्रेसपर्यंत सगळं शिवायच्या, घरातच मशीन. डायबेटिससाठी सात-आठ वर्षं माझ्याकडे येत होत्या. एकदा म्हणाल्या, "डॉक्टर, उजव्या हाताला मुंग्या येतात. रात्री जास्त. झटकला की जरा बरं वाटतं."

डायबेटिसच्या पेशंटला मुंग्या आल्या की डॉक्टरच्या डोक्यात दोन गोष्टी लगेच येतात. एक, साखरेमुळे नसांवर झालेला परिणाम. दोन, मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरीच वर्षं घेतल्याने कमी झालेलं बी-१२. मी साखर बघितली, थोडी वाढलेली होती. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली, नसांसाठी एक गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात विचारलं, "कसं आहे?" त्या म्हणाल्या, "आहे तसंच." मी गोळीचा डोस वाढवला.

असे सात महिने गेले.

आज मागे वळून बघताना तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. डायबेटिसचा नसांवरचा परिणाम सहसा पायांपासून सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो. ताईंचे पाय ठणठणीत होते आणि तक्रार एकाच हाताची होती. दुसरी गोष्ट, मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट एवढ्यातच होत्या. करंगळी सुटलेली होती. ही एका विशिष्ट नसेची, मीडियन नर्व्हची, खूण आहे. ही नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून तळहातात येते. तिसरी गोष्ट म्हणजे त्या म्हणाल्या होत्या, "हल्ली कात्री हातातून सुटते." ते मी ऐकलं होतं आणि "वय झालं की होतं थोडं" असं काहीतरी बोलून पुढे गेलो होतो.

सातव्या महिन्यात त्या आल्या तेव्हा पिशवीतून मोजायची टेप काढून त्यांनी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "डॉक्टर, मला वाटत होतं हात फुगलाय. घरचे म्हणायचे, तुझा भास आहे. म्हणून मीच टेप लावून बघितली. उजवा पंजा डाव्यापेक्षा पाऊण इंच जास्त भरतोय."

आयुष्यभर लोकांची मापं घेणाऱ्या बाईने शेवटी स्वतःच्या हाताचं माप घेतलं होतं. ते काम माझं होतं.

मी दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवले. उजव्या हाताच्या अंगठ्याखालचा उंचवटा डाव्यापेक्षा चांगलाच भरलेला होता. मीडियन नर्व्ह बरेच महिने दबली की हा उंचवटा खरं तर सपाट व्हायला हवा, कारण तिथले स्नायू सुकतात. इथे तो उलट फुगीर होता. तो भरलेला तळवा बघूनच मी आधी "कष्टाचा हात आहे, स्नायू चांगले आहेत" असं गृहीत धरलं होतं. स्नायू सुकत चालले होते आणि त्यांच्या खाली काहीतरी वाढत होतं. वरून दोन्हींची बेरीज ठीक दिसत होती.

सोनोग्राफीत तळहाताच्या खोल भागात गाठ दिसली. एमआरआयने ती चरबीची असल्याचं सांगितलं. साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे साधारण अक्रोडाएवढी. पाठीवर असती तर मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण तळहातात स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, बोटांच्या दोऱ्या इतक्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात की तिथे अक्रोडाला जागाच नाही. गाठीने ती जागा नसेकडून हिसकावून घेतली होती. तळहाताची कातडी जाड आणि आतून घट्ट बांधलेली असते, त्यामुळे गाठ वर उठून दिसत नाही, निसटतही नाही. पुस्तकातली एकही खूण तिथे लागू पडत नव्हती.

हाताच्या सर्जननी गाठ अलगद काढली. तपासणीचा रिपोर्ट आला: साधा लायपोमा. रात्रीच्या मुंग्या काही आठवड्यांत गेल्या. पण अंगठ्याची ताकद पूर्ण परत आली नाही. नस फार दिवस दबून राहिली की तिच्या ताब्यातले स्नायू पूर्वपदावर येतीलच असं नसतं. वर्षभर व्यायाम करून बरीच सुधारणा झाली, तरी जाड कापड कात्रीने कापायचं काम आता त्यांची सून करते. ताई मशीनवर बसतात.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे निदान आधी व्हायला हवं होतं आणि उशीर माझ्याकडून झाला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कळलं हे तरी बरं झालं." अजूनही त्या माझ्याकडेच येतात. पण कात्री सुटते असं त्या म्हणाल्या होत्या तो दिवस मी विसरलेलो नाही.

आणखी काही अवघड जागा

त्यानंतर ती जुनी यादी मी नव्याने वाचली. या जागांवर गाठ आली तर पेशंटला काय जाणवेल, असं विचारत वाचली. त्यातल्या काही जागा तुम्हालाही माहीत असाव्यात.

कपाळ: लग्न ठरलेला एक तरुण कपाळावरचं टेंगूळ घेऊन आला होता. गोल, घट्ट, अजिबात न हलणारं. घरच्यांना हाड वाढल्यासारखं वाटत होतं. कपाळावरची चरबीची गाठ बऱ्याचदा भुवया वर करणाऱ्या स्नायूच्या खाली, थेट हाडावर बसलेली असते. वरून स्नायू ताणलेला आणि खाली हाड, त्यामुळे मऊ गाठही कडक लागते. ही गोष्ट लक्षात नसली तर कातडीखाली शोधणाऱ्याला ती सापडत नाही. शिवाय तिथून कपाळाला संवेदना देणाऱ्या नसा जातात. म्हणून "छोटंसं तर टेंगूळ आहे" असं म्हणून कुठेही काढून घेऊ नये.

जांघ: आपल्याकडे म्हण आहे, अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य. जांघेतली गाठ लोक लाजेपोटी वर्षानुवर्षं लपवतात. तिथली सूज हर्नियाची आहे की चरबीची, हे हाताने नेहमी ओळखता येतंच असं नाही. हर्नियाचं ऑपरेशन करताना सर्जनना वृषणाकडे जाणाऱ्या दोरीला लागून चरबीचा गोळा सापडणं नवीन नाही. त्याला लायपोमा म्हणतात खरं, पण बऱ्याचदा ती पोटातूनच खाली घसरलेली चरबी असते. जांघेत गाठ वाढत असेल, घट्ट लागत असेल, तर सोनोग्राफी आणि सर्जनचं मत हवंच. जावई वैद्य असला तरी.

कोपराजवळ, हाडाला लागून: इथली गाठ बाहेरून दिसतही नाही. पेशंट सांगतो की बोटं सरळ होत नाहीत. मनगट उचलता येतं, पण बोटं खाली पडतात. कारण बोटं सरळ करणारी नस तिथे दबलेली असते. पहिला विचार पक्षाघाताचा येतो.

बाळाची कंबर: पालकांनी हे नीट वाचावं. नवजात बाळाच्या कमरेवर, अगदी मणक्याच्या मधल्या रेषेवर मऊ गाठ असेल, तिच्यावर केसांचा झुपका, खळगा किंवा लालसर डाग असेल, तर तिला साधी चरबीची गाठ समजू नका. ती चरबी आत मणक्याच्या पोकळीत शिरून मज्जारज्जूला चिकटलेली असू शकते. बाळ वाढतं तसा मज्जारज्जू ताणला जातो आणि पुढे लघवीवर ताबा न राहणं, पाय वाकडा होणं, पायात अशक्तपणा येणं असे त्रास दिसू लागतात. अशा गाठीत सुई घालायची नाही, वरवर कापायची नाही. पहिल्या काही महिन्यांत सोनोग्राफीनेही आतलं बरंच दिसतं. त्यानंतर एमआरआय लागतो. बाळाला मुलांच्या सर्जनकडे किंवा न्यूरोसर्जनकडे न्यावं.

आतडं: मोठ्या आतड्याच्या अस्तराखाली चरबीची गाठ होते. बहुतेक वेळा कोलोनोस्कोपीत ती सहज सापडते आणि काही त्रास देत नाही. दुर्बिणीतून पिवळसर, गुळगुळीत दिसते आणि दाबली की उशीसारखी दबते. पण ती मोठी झाली तर शौचावाटे रक्त जाणं, थांबून थांबून पोटात कळा येणं असं होऊ शकतं. क्वचित गाठीला ओढत आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो आणि तातडीने ऑपरेशन करावं लागतं.

मूत्रपिंड: पोटाच्या सोनोग्राफीत "अँजिओमायोलायपोमा" असा लांबलचक शब्द येतो आणि घरभर घबराट होते. चरबी, रक्तवाहिन्या आणि स्नायू मिळून झालेली ही गाठ बहुतेक वेळा साधी असते. छोटी असेल तर ठराविक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं. साधारण ४ सेंटीमीटरच्या पुढे गेली तर तिच्यातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून तेव्हा उपचारांचा विचार होतो. गरोदरपणाचा विचार असलेल्या स्त्रीने ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

मेंदू: गाडीवरून पडलेल्या एका मुलीच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्ट्याजवळ चरबी दिसली. "डोक्यात ट्यूमर निघाला" म्हणून आई रडत आली. अशी चरबी गर्भात असतानाच तयार झालेली असते, सहसा वाढत नाही आणि बहुतेकांना काहीही करावं लागत नाही. न्यूरॉलॉजिस्टनी हेच सांगितलं. इथे उलटा धडा आहे: जागा ऐकायला भयंकर, पण हात न लावणंच योग्य.

"चरबीसारखी" पण चरबीची साधी गाठ नव्हे

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते तिच्याकडे येतो.

एक शेतकरी काका गुडघेदुखीसाठी आले होते. तपासताना सहज म्हणाले, "डाव्या पायाला पँट घट्ट होते, उजव्याला होत नाही." ताईंच्या आधीचा मी असतो तर गुडघ्याच्या गोळ्या देऊन मोकळा झालो असतो. या वेळी टेप काढली. डावी मांडी उजवीपेक्षा पाच सेंटीमीटरने जास्त होती. हाताला मऊ, मोठी, खोल सूज लागत होती. दुखत नव्हती. काका म्हणाले, "दोन वर्षं आहे. गावातल्या डॉक्टरांनी चरबीची सांगितली. तिथेच भूल देऊन काढून टाकू म्हणाले होते, पण कापूस वेचणी चालू होती म्हणून राहिलं."

राहिलं ते बरं झालं. एमआरआयमध्ये मांडीच्या स्नायूंच्या आत १४ सेंटीमीटरची चरबीची गाठ दिसली, पण तिच्यात जाड पडदे होते आणि काही भाग चरबीचा वाटत नव्हता. कॅन्सरच्या केंद्रात जाडसर सुईने तुकडा काढून तपासला. चरबीच्या पेशींच्या कॅन्सरचा, म्हणजे लायपोसार्कोमाचा, सगळ्यात संथ प्रकार निघाला. हातापायांत हा प्रकार हळू वाढतो, दूर सहसा पसरत नाही, पण अर्धवट काढला तर परत परत उगवतो. काकांचं ऑपरेशन एकदाच आणि नीट झालं. ते आता शेतात जातात आणि ठरलेल्या वेळी तपासणीला जातात.

हाच प्रकार पोटाच्या मागच्या भागात, मूत्रपिंडांच्या आसपास झाला तर जास्त त्रासदायक ठरतो. तिथे भरपूर जागा असल्यामुळे गाठ खूप मोठी होईपर्यंत कळत नाही आणि ती पूर्ण काढणं कठीण जातं. म्हणून पोटाच्या मागे चरबीची मोठी गाठ दिसली तर ती साधी आहे असं धरून चालत नाहीत. आधी कॅन्सर नाही याची खात्री करतात.

तपासण्या कशासाठी?

पाठीवरची मऊ, निसटणारी, वर्षानुवर्षं तेवढीच राहिलेली छोटी गाठ असेल तर अनुभवी हात पुरेसा असतो. शंका असेल तर सोनोग्राफी. कातडीखालच्या गाठींसाठी ही स्वस्त आणि चांगली तपासणी आहे.

गाठ खोल असेल, मोठी असेल किंवा नसेजवळ असेल तर सोनोग्राफी अपुरी पडते. तिथे एमआरआय लागतो. यात एक युक्ती असते: यंत्र चरबीचा उजेड मुद्दाम दाबून टाकतं. गाठ साधी असेल तर ती आपल्या कातडीखालच्या चरबीसारखीच संपूर्ण काळी पडते. काही भाग उजळ राहिला, किंवा आत जाड पडदे दिसले, की पुढे जावं लागतं. पोटातल्या गाठींसाठी सीटी स्कॅनही चांगला, कारण त्यात चरबीची घनता आकड्यातच कळते. पाण्याला शून्य धरलं तर चरबीचा आकडा उणे येतो.

बारीक सुईच्या तपासणीबद्दल एक सावधगिरी. "सुईत चरबीच निघाली, म्हणजे साधी," असं पेशंट सांगतात. वरच्या छोट्या गाठीसाठी ते ठीक आहे. पण खोल आणि मोठ्या गाठीत सुईत आलेल्या मूठभर पेशी साध्या चरबीच्या आहेत की संथ लायपोसार्कोमाच्या, हे त्यावरून सांगणं अवघड असतं. तिथे जाडसर सुईचा तुकडा लागतो, आणि तो कुठून घ्यायचा हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी ठरवलेलं चांगलं. शंका उरलीच तर त्या तुकड्यावर एमडीएम-टू नावाच्या जनुकाची तपासणी करतात. या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या तर गाठ साधी नाही असं समजतात.

आणि गाठ कुठलीही असो, काढली की ती पॅथॉलॉजीला पाठवायलाच हवी. बादलीत टाकलेल्या गाठीचं निदान होत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं?

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर गाठ दाखवायला उशीर करू नका:

- गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मोठ्या लिंबापेक्षा, मोठी आहे.
- काही महिन्यांत वाढताना जाणवते आहे.
- खोल आहे, हलत नाही किंवा कडक लागते.
- दुखते. (काही साध्या चरबीच्या गाठीही दुखतात, पण ते तपासणीनंतर ठरवायचं.)
- गाठीच्या बाजूच्या हातापायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे.
- एकदा काढली होती, त्याच जागी परत आली.
- बाळाच्या कमरेवर मधोमध आहे.
- स्तनात, काखेत, मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर आहे. स्तनातली गाठ चरबीची असेल असं घरी ठरवू नये, आणि मानेतली गाठ टीबीची किंवा दुसऱ्या आजाराचीही असू शकते.

या यादीत बसली म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. बहुतेक वेळा तपासणीअंती ती साधीच निघते. एवढंच की अशा गाठीला बोटाने चाचपून "साधी" म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही, मलाही नाही.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. गाठ सापडली की मोजायच्या टेपने तिची लांबी-रुंदी मोजा आणि तारीख घालून डायरीत लिहा. हाता-पायाला असेल तर दोन्ही बाजूंचा घेर मोजा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. "वाढलीय का?" या माझ्या प्रश्नाला बहुतेक जण "तशी वाटते, नाही पण वाटत" असं उत्तर देतात. दोन तारखांची दोन मापं असली की मला अंदाज बांधावा लागत नाही. मात्र वरच्या यादीतलं काही असेल तर तीन महिने थांबू नका.

आणि डॉक्टरांना सांगताना फक्त गाठीबद्दल सांगू नका. हातातून काय सुटतं, कुठली चप्पल पायातून निघून जाते, कुठला कपडा घट्ट होतो, हेही सांगा. तुम्हाला ते क्षुल्लक वाटेल. डॉक्टरांनी ऐकल्यासारखं केलं नाही, तर पुन्हा सांगा.

माझ्या टेबलाच्या खणात आता स्टेथोस्कोपशेजारी शिंप्याची पिवळी टेप असते. नवीन पेशंट कधी कधी हसून विचारतात, "डॉक्टर, हे काय?" मी म्हणतो, "माप घ्यायला," आणि दुसरा हातही पुढे करायला सांगतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या गाठीबद्दलचा निर्णय आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवूनच घ्यावा.)